त्याआधी तुम्ही काय करत होतात?

माझ्या पहिल्या तक्रारीला ‘प्लीज शेअर डिटेल्स’ असं उत्तर आलं आणि मी माझे डिटेल्स पाठवले. संपूर्ण नाव, जन्मगाव, शिक्षण बी.कॉम., हुद्दा, मोबाइल नंबर, सगळं एकाखाली एक, सुबक. शिष्यवृत्तीपासून एसटीच्या पासापर्यंत तोवर जेवढे कागद मी भरले होते, त्या प्रत्येकावर डिटेल्स म्हणजे अर्जदाराचा तपशील असाच अर्थ होता. त्यामुळे मला शंकासुद्धा आली नाही. दुपारी सॉफ्टवेअर कंपनीकडून पुन्हा उत्तर आलं: तुमचे नकोत, अडचणीचे पाठवा.

शेजारच्या टेबलावर एक काका बसायचे. पनवेलहून रोज येणारे, निवृत्तीला टेकलेले. ते उठून माझ्या स्क्रीनपाशी आले, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी सगळं वाचलं आणि म्हणाले, "अगं, लग्नाचा बायोडाटा पाठवलास काय? रास-नक्षत्र राहिलं की."

मीही हसले. पण कान तापले होते.

हे कंटेनर यार्ड उरणपासून थोड्या अंतरावर आहे. न्हावा शेवा बंदरात उतरलेले कंटेनर इथे आणून ठेवतात आणि मग ट्रेलर येऊन ते घेऊन जातात. ट्रेलरला बाहेर पडायला गेटपास लागतो. तो करून द्यायचं काम माझं. गेटच्या बाजूला एक खिडकी, खिडकीच्या आत मी, बाहेर ड्रायव्हर. आधी हे पास हाताने लिहायचे. नवीन सॉफ्टवेअर आलं म्हणून कॉम्प्युटर येणारं माणूस हवं होतं आणि त्यासाठी मला घेतलं होतं, तेही प्रोबेशनवर. सहा महिने बघू, जमलं तर पक्कं करू, असं साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

आमचं गाव चौलच्या आतल्या बाजूला, भातशेतीचं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी अलिबागला एसटीने जाऊन-येऊन पदवी घेतली. त्या एसटीच्या पासापासून ते पुस्तकांपर्यंत कुणी कुणी काय काय केलं, ते मी विसरलेले नाही. बाबांनी गावात सांगून टाकलं होतं, "पोरगी बंदरात सायब हाय." बंदर कुठे आणि मी कुठे, पण ते मी कधी दुरुस्त केलं नाही. प्रोबेशन म्हणजे काय हेही त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांच्या लेखी नोकरी लागली म्हणजे लागली. मला पक्कं केलं नाही तर बॅग उचलून परत जायचं आणि सगळ्यांच्या तोंडाकडे बघत ओटीवर बसायचं, एवढंच चित्र मला दिसायचं.

अडचण अशी होती. ड्रायव्हरचं नाव भरायचं, मग त्याचा मोबाइल नंबर भरायचा आणि सेव्हचं बटण दाबायचं. कधी पास निघायचा. कधी लाल अक्षरांत ओळ यायची की मोबाइल नंबर योग्य नाही. मी ड्रायव्हरला पुन्हा विचारायची. तो पुन्हा सांगायचा. मी एकेक आकडा वाचून दाखवायची. तोच नंबर. पुन्हा सेव्ह, पुन्हा लाल ओळ. मागे ट्रेलर उभे राहायचे, हॉर्न वाजायला लागायचे.

"नंबर बरोबर है मॅडम," एक ड्रायव्हर म्हणाला, "नहीं मान रहा तो बीवी का दे दूँ?"

मागचा ओरडला, "सासूचा देऊ नको हां, गेट उघडूनच टाकतील, म्हणतील जा बाबा जा."

मग मी त्यांना थांबायला सांगून सॉफ्टवेअर कंपनीला लिहायची. तिथे तक्रारीला तिकीट म्हणतात. मला तिकीट म्हटलं की एसटीचं आठवायचं, कंडक्टरने टोचून दिलेलं. लिहून झालं की परत त्या ड्रायव्हरकडे वळायची, नंबर पुन्हा भरायची आणि पास सरळ निघायचा. हे एकदा नाही, बहुतेक वेळा झालं.

"बघ," काका म्हणायचे, "वर तक्रार गेली की घाबरतं. सरकारी नोकर असणार मागच्या जन्मी."

कंपनीकडून उत्तर यायचं: आमच्याकडे व्यवस्थित चालतंय, तिकीट बंद करत आहोत.

मी काय लिहायची ते आज वाचलं तर अंगावर काटा येत नाही, पण गंमत वाटते. शाळेत आमच्या सरांनी अर्जलेखन फार मन लावून शिकवलं होतं. मराठीत ‘सविनय विनंती’, इंग्रजीत ‘विथ ड्यू रिस्पेक्ट’. शेवटी ‘तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’. मला त्या प्रश्नाला नेहमी पूर्ण गुण मिळायचे. सर वर्गात माझा अर्ज वाचून दाखवायचे. तर मी सॉफ्टवेअर कंपनीला तसंच लिहायची, इंग्रजीतून. आदरणीय महोदय, विथ ड्यू रिस्पेक्ट कळवते की आमचं सॉफ्टवेअर चालत नाही, त्यामुळे कामाची फार गैरसोय होत आहे, तरी आपण त्वरित लक्ष घालावे ही नम्र विनंती, आपली विश्वासू. त्या सगळ्या मजकुरात नम्रता काठोकाठ होती. चालत नाही म्हणजे काय, हे कुठेच नव्हतं.

आणि तसं लिहिताना मला काही कमी पडतंय असं वाटायचं नाही. आमच्याकडे मदत मागायची रीतच वेगळी. बाबांना कुणाचा पंप हवा असला तर ते त्या माणसाच्या ओटीवर जाऊन बसायचे. पाऊस, लावणी, कुणाच्या मुलीचं ठरलं का, असं सगळं बोलून झालं की उठता उठता म्हणायचे, "जरा काम होतं." एवढ्यावर समोरच्याला कळायचं. त्याने बाबांचं शेत पाहिलेलं, बाबांचा पंप बंद पडलेला ऐकलेला, बाबांच्या चेहऱ्यावरची काळजीही तो ओळखायचा. आपली अडचण पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगत बसणं म्हणजे रडगाणं गाणं. ते आमच्यात हलकं समजतात. फोनवरही तेच. बाबा विचारायचे, "बरं हाय ना?" मी म्हणायची, "बरं हाय." मग आई फोन घ्यायची, "जेवलीस का?" जेवले. की झालं.

पण लांबच्या शहरात बसलेल्या त्या कंपनीतल्या माणसाने माझं शेत कधी पाहिलं नव्हतं.

उरणमध्ये मी एक खोली घेतली होती. खाली घरमालकीण राहायची, तिला मी मावशी म्हणायची. मावशी आगरी, मोठ्या आवाजाची, तिच्या मुलाबाळांनी घर भरलेलं. वर माझ्या खोलीत ते सगळे आवाज यायचे: कुकरची शिट्टी, टीव्हीवरची भांडणं, नातवाला मारलेल्या हाका. मला ते ऐकत जेवायची सवय झाली होती. शनिवारी ऑफिस सुटलं की सोमवारी खिडकी उघडेपर्यंत मी कुणाशी फारसं बोलायचीच नाही. भाजीवालीला काय ते पाव किलो, अर्धा किलो. एका सोमवारी पहिल्या ड्रायव्हरला "गाडी नंबर?" विचारताना माझा आवाज फुटलाच नाही, घशातच घोगरा झाला. तो म्हणाला, "तबियत खराब है क्या?" मी म्हटलं, नाही नाही, ठीक है.

असंच आणखी एक तिकीट बंद झालं त्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. रागावले नाहीत. ते रागावायचे नाहीतच, हळू बोलायचे, आणि त्याचीच जास्त भीती वाटायची.

"महिनाअखेर तुमचा रिपोर्ट पाठवायचाय," ते म्हणाले. "गेटवर गाड्या तुंबतात, हे वरपर्यंत गेलंय. कंपनी म्हणते सॉफ्टवेअर चांगलं आहे. मग मी काय लिहू? सॉफ्टवेअर बिघडलंय की तुम्हाला जमत नाही? दोन्हीपैकी काय, ते तुम्हीच मला सांगा."

"बघते सर," म्हणून मी बाहेर आले.

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि या वेळी चेष्टा केली नाही. डबा पुढे सरकवला. "भाकरी खा. तुझी ती कंपनी कुठे पळून जात नाही."

मी पुन्हा तिकीट लिहिलं. तसंच, विथ ड्यू रिस्पेक्ट. फक्त या वेळी शेवटी एक वाक्य जास्त घातलं, की माझी नोकरी यावर अवलंबून आहे. पाठवल्यावर लगेच पस्तावले. शाळेत सर म्हणायचे, अर्जात रडू नये.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. या वेळी कुणी वेगळं असावं, किंवा त्याच माणसाचा दिवस वेगळा असावा. त्यात प्रश्न होते. तुम्ही कोणत्या स्क्रीनवर होतात? त्याआधी तुम्ही नेमकं काय करत होतात? काय व्हायला हवं होतं आणि काय झालं? दर वेळी होतं की काही वेळाच, आणि काही वेळाच होत असेल तर त्या वेळांत सारखं काय असतं? स्क्रीन दिसते तशीच, फोटो काढून पाठवा, त्यातलं काही स्वतः पुन्हा टाइप करू नका.

तो मजकूर ते लोक सगळ्यांनाच पाठवतात, हे मला पुढे कळलं. तयारच असतो तो, फक्त चिकटवायचा. पण त्या दिवशी मला ते माहीत नव्हतं. मी तो दोनतीनदा वाचला. त्याआधी तुम्ही नेमकं काय करत होतात? उरणला आल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. जेवलीस का विचारत होते, पास कधी मिळणार विचारत होते. मी काय करत होते, कशानंतर काय झालं, हे कुणाला हवं होतं असं वाटलंच नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत मी लिहायला बसले. एक नवा ड्रायव्हर नुकताच अडला होता, त्याच्या स्क्रीनचा फोटो आधी मोबाइलवर काढून ठेवला. मग पहिल्यापासून सुरू केलं. ट्रेलर गेटवर थांबतो. ड्रायव्हर कागद घेऊन खिडकीशी येतो. तो आधी आलेला असेल तर त्याचं नाव यादीत असतं, ते निवडलं की नंबर आपोआप येतो. तो नवीन असेल तर नाव मी टाइप करते. नाव मराठीत करते, कारण गेटवरच्या वॉचमनदादांना इंग्रजी वाचायला वेळ लागतो आणि त्यांनी मला तशी विनंती केली होती. त्यासाठी मी कीबोर्ड मराठीवर नेते. मग नंबर भरते. मग सेव्ह.

इथवर लिहिलं आणि हात थांबला. लाल ओळ फक्त नवीन ड्रायव्हरच्याच वेळी येते. इतके महिने मी रोज ते बघत होते आणि मला ते माहीत नव्हतं. लिहिल्यावर माहीत झालं.

मी तेही लिहिलं. आणि मग थांबावं तर थांबता येईना. खिडकीवर पूर्वी आम्ही दोघी होतो, दुसरी गोदामात गेल्यापासून मी एकटीच असते, हे लिहिलं. सकाळचा पहिला पास करण्याआधी मी चहा घेते, कप कीबोर्डच्या डाव्या बाजूला असतो, कधी सांडलेला नाही, हेही लिहिलं. दुपारी ऊन थेट स्क्रीनवर येतं म्हणून मी जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा लावते. तक्रार लिहून झाली की पास निघतो आणि ड्रायव्हर हसतात. मला ही नोकरी आवडते. एवढं सगळं. ‘विथ ड्यू रिस्पेक्ट’ लिहायचं राहिलंच, ते पाठवून झाल्यावर लक्षात आलं.

उत्तर त्याच दिवशी आलं, चार ओळींचं. तुमच्या फोटोत मोबाइल नंबर मराठी अंकांत आहे. सॉफ्टवेअरला फक्त इंग्रजी अंक समजतात. नाव लिहून झाल्यावर कीबोर्ड इंग्रजीवर आणा. चहाचा या अडचणीशी संबंध दिसत नाही.

मी फोटो मोठा करून पाहिला. नंबर तर नंबरच होता. मग एकदम दिसलं: नऊ, आठ, पाच, सगळे वळणदार, आपले. मी पाढे त्याच अंकांत पाठ केले होते, आमच्या एसटीच्या पाट्यांवर तेच होते, माझ्या गुणपत्रिकेवर तेच होते. ९ आणि 9 यांत फरक आहे हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं असतं. पण न विचारता दिसला नसता. माझा डोळा अक्षर बघतच नव्हता, आकडा बघत होता. आणि तक्रार केली की पास का निघायचा, हेही उलगडलं. तक्रार इंग्रजीत लिहायची म्हणून मी कीबोर्ड इंग्रजीवर न्यायची आणि तो तिथेच राहायचा. तिकिटात नंबर लिहिला असता तर तोही इंग्रजीतच गेला असता. त्यांना तो बरोबरच दिसला असता.

चहाच्या ओळीपाशी मी मोठ्याने हसले. काकांनी वळून पाहिलं. "काय गं, होकार आला काय?"

मी त्यांना सगळं सांगितलं, मराठी अंकांपासून. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे मशीन इंग्लिश मीडियमचं निघालं." मग स्वतःच्याच विनोदावर बराच वेळ खुश राहिले.

मला त्या चार ओळी लिहिणाऱ्याला काहीतरी परत लिहायचं होतं. आभार, आणि अजूनही काही. तिथे बाई होती की पुरुष हेही मला माहीत नव्हतं. मी नीट विचार करून लिहिलं, पाठवलं. लगेच उत्तर आलं की हे तिकीट सोडवून बंद केलेलं आहे, यावर संदेश स्वीकारले जात नाहीत.

साहेबांसाठी मी एक पानभर लिहून नेलं. काय होत होतं, कधी होत होतं, का होत होतं, आता काय करायचं. त्यांनी पानावरून भरभर नजर फिरवली.

"आता चालतंय ना?"

"हो सर."

"मग झालं," म्हणून त्यांनी पान परत दिलं. मी दारापर्यंत गेले तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली. "त्या वॉचमनला मराठी नाव पाहिजे, हे मला माहीत नव्हतं. राहू दे ते पान इथे."

महिनाअखेरीनंतर काही दिवसांनी मला पक्कं केल्याचं त्यांनी सांगितलं. काकांनी पेढे मागितले, मी आणले. ड्रायव्हरनाही दिले. एकाने दोन उचलले, "एक बीवी का," म्हणाला.

संध्याकाळी घरी फोन लावला. त्या दिवशी मी बाबांना पहिल्यांदा सांगितलं की मी इतके दिवस कच्ची होते, काय अडलं होतं, साहेब काय म्हणाले होते, मला किती भीती वाटत होती. क्रमाने, काही न गाळता. ते मध्ये बोलले नाहीत. मला वाटलं फोन कटला.

"बाबा?"

"हाय, हाय. ऐकतोय." मग ते म्हणाले, "एवढं झालं आन् तू बोलली न्हायस."

"काय सांगणार होते?"

मागून आईचा आवाज आला, "काय म्हणते? काय म्हणते?" बाबांनी तोंड वळवून तिला सांगितलं, आणि त्यांचा आवाज आनंदाने चढला होता, "पक्की झाली गं, पक्की! आता काय परत यायला नको तिला. तिकडंच राहणार."

मी ते ऐकलं. इतके महिने मला परत पाठवू नये एवढंच मी मागत होते. ते मिळालं होतं. त्याचा हा दुसरा अर्थ मी कधी लावून पाहिला नव्हता. आईने फोन घेतला, तिला नीट बोलता येईना, ती रडत होती, तिला आनंदच झाला होता. जेवलीस का विचारायचं विसरली.

फोन ठेवून मी खोलीकडे बघितलं. माझे कपडे तेव्हाही बॅगेतच असायचे. भिंती कोऱ्या. मी खाली गेले. मावशी ओट्यावर बसून सुकट निवडत होती.

"मावशी, वरच्या भिंतीत एक खिळा मारू का?"

"मार ना. कशाला इचारतेस?" तिने मान वर केली. "काय टांगाचं हाय? देवाचा फोटू?"

"अजून ठरलं नाही."

"कुठल्या भिंतीला? खिडकीच्या बाजूची नको, ती ओली हाय. दरवाजाच्या समोरची घे." तिने सुपातले हात झटकले. "आन् किती जड हाय ते बघून खिळा देते. थांब. तू येवढी वरती एकटी काय करतेस गं रविवारभर, आवाज पन येत नाय तुजा."

मी म्हटलं, "सांगू?"

"मंग, बस की," ती म्हणाली आणि सूप थोडं बाजूला सरकवलं.